बारावीनंतर नर्सिंगला जायचंय? खरा कोर्स कसा ओळखायचा, नोंदणी, पगार आणि कागदपत्रं : सविस्तर माहिती

जून लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स झळकायला लागतात. ‘दहावी पास-नापास, एका वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी.’ पांढऱ्या टोपीतल्या हसऱ्या मुलीचा फोटो, खाली दोन मोबाईल नंबर. बाजाराला आलेला बाप तो नंबर घेतो, घरी जाऊन विषय काढतो, आणि सोयाबीन विकून आलेले पैसे तिथं भरले जातात. वर्षभरानं पोरीच्या हातात रंगीत सर्टिफिकेट येतं. ती ते घेऊन सरकारी भरतीचा फॉर्म भरायला सेतू केंद्रात बसते तेव्हा स्क्रीनवर एक रकाना येतो : महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. तो रकाना रिकामा राहतो आणि फॉर्म पुढं सरकत नाही.

दरवर्षी गावोगावच्या मुली अशाच फसतात. म्हणून नर्सिंगची चौकशी करताना फी किती, हॉस्टेल आहे का, हे नंतर विचारावं. पहिला प्रश्न एकच असावा : हा कोर्स झाल्यावर कौन्सिलची नोंदणी मिळते का?

खरे कोर्स फक्त तीन

महाराष्ट्रात नर्सिंगचं काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली चालतं. नोंदणी देणारी संस्था म्हणजे मुंबईतली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. देशपातळीवर अभ्यासक्रम आणि निकष ठरवण्याचं काम इंडियन नर्सिंग कौन्सिल करत आली आहे. १९४७ च्या कायद्यानं ती स्थापन झाली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा नवा कायदा संसदेनं २०२३ मध्ये मंजूर केला आहे. नाव कोणतंही असो, बारावीनंतर नोंदणी मिळवून देणारे रस्ते तीनच आहेत : एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग.

एएनएम दोन वर्षांचा आहे आणि फक्त मुलींसाठी आहे. गावात जिला आपण ‘नर्सबाई’ म्हणतो, उपकेंद्रावर लसीकरण करणारी, गरोदर बायकांची तपासणी करणारी ती आरोग्य सेविका, तिची पात्रता हीच. पूर्वी दहावीवर एएनएमला प्रवेश मिळायचा. त्यामुळं आजही कुणाची तरी आत्या किंवा मावशी सांगते, “मी तर दहावीवरच केलं होतं.” तिचं खरं आहे, पण तो नियम गेला. आता बारावी लागते. मात्र बारावी सायन्सच हवी असं नाही, आर्ट्सच्या मुलीलाही एएनएम करता येतं.

जीएनएम तीन वर्षांचा. बारावी, इंग्रजी विषय घेतलेला, आणि किमान ४० टक्के गुण. सायन्सला प्राधान्य असतं, पण इतर शाखांनाही दार बंद नाही. इथं मुलगेही चालतात. ‘ब्रदर’ म्हणून काम करणाऱ्यांची मागणी ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता विभाग, अपघात विभागात बरी असते. गावात अजून मुलानं नर्सिंग करायचं म्हटलं की हसतात. हसणाऱ्यांनी एकदा जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री डोकावून यावं.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची पदवी आहे. तिला मात्र बारावी सायन्सच लागतं : फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के. राज्यात तिच्यासाठी सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा होते. बऱ्याच मुली नीटच्या नादात या सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत आणि निकालानंतर हळहळतात. दोन्ही फॉर्म भरले तर काही बिघडत नाही. राज्यातली बीएस्सीची कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली असतात (अभिमत विद्यापीठांची गोष्ट वेगळी). एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. प्रॉस्पेक्टसवर या दोन्हीपैकी कुणाचंच नाव नसेल आणि तिसऱ्याच कुठल्या ‘ऑल इंडिया’ नावाच्या कौन्सिलचा गोल शिक्का असेल, तर तिथून उठावं.

मग एक वर्षाचे कोर्स म्हणजे काय?

‘पेशंट केअर’, ‘बेडसाइड असिस्टंट’, ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘होम नर्सिंग’ अशी नावं असतात. यातले सगळेच खोटे नाहीत. कौशल्य विकास योजनेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ नावाचा रीतसर कोर्स आहे. तो केलेली मुलगी रुग्णाची अंघोळ, जेवण, कुशीवर वळवणं, व्हीलचेअर ही कामं करते. पुण्या-मुंबईत घरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला अशा माणसांची गरज मोठी आहे. काम इमानदारीचं आहे. पण तो कोर्स करून कुणी नर्स होत नाही. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, बाळंतपण करणं हे त्या सर्टिफिकेटवर करता येत नाही.

तालुक्याच्या काही दवाखान्यांत हे सर्रास करून घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काही उलटसुलट झालं, रुग्ण दगावला, की ‘इंजेक्शन कुणी दिलं?’ हा प्रश्न येतो. तेव्हा डॉक्टर सही केलेला केसपेपर दाखवतात, आणि नोंदणी नसलेली पोरगी उघडी पडते.

कॉलेज तपासायचं कसं

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची राज्यवार यादी असते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचीही असते. कॉलेजचं नाव दोन्हीकडे, त्याच वर्षाच्या यादीत आणि त्याच कोर्ससमोर असायला हवं. ‘त्याच कोर्ससमोर’ हे महत्त्वाचं. एएनएमची मान्यता असलेली संस्था ‘जीएनएमची फाईल गेलेली आहे, येईलच’ म्हणून प्रवेश घेत असते. मान्यता येईपर्यंत तिथं एक रुपयाही भरू नये. जागा किती मंजूर आहेत तेही यादीत दिसतं. चाळीस जागांच्या कॉलेजात साठ मुली बसलेल्या असतील तर वरच्या वीस जणींचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी तपासणी पायी करायची. सकाळी आठच्या सुमारास कॉलेजच्या दारात उभं राहावं. गणवेशातल्या मुली वॉर्डात ड्युटीला जाताना दिसतात का? कुठल्या रुग्णालयात जातात? तिथं खाटा किती, बाळंतपणं होतात का? नर्सिंग फळ्यावर शिकता येत नाही. निकषाप्रमाणं वर्गात ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकाची हजेरी तर शेवटी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. ‘कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारा एजंट म्हणजे फसवणुकीची पहिली खूण.

असे एजंट परराज्यातल्या कॉलेजांसाठी फिरतात. मध्य प्रदेशात काय घडलं ते सीमेलगतच्या तालुक्यांनी लक्षात ठेवावं. तिथं उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयनं नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली. डझनावारी कॉलेजं निकषात बसत नसल्याचं निघालं. २०२४ मध्ये तर तपासणीच्या पथकातल्याच काही जणांना कॉलेजांकडून लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली. या घोळात मुलांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. परराज्यात चांगली कॉलेजंही आहेत, पण परराज्यात शिकलं तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी घेऊन मग महाराष्ट्राची घ्यावी लागते. मूळ कॉलेज यादीत नसेल तर ही गाडी पहिल्याच स्टेशनला अडते.

मूळ कागद देऊ नका

प्रवेशावेळी मूळ दहावी-बारावीच्या मार्कशीट, दाखला पडताळणीसाठी दाखवावे लागतात. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायचे. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा होतो, तो वेगळा. मार्कशीट ठेवून घेणारं कॉलेज पुढं ‘दोन वर्षं आमच्याच दवाखान्यात काम कर, नाहीतर कागद मिळणार नाहीत’ म्हणतं. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर बापाचा अंगठा किंवा सही घेऊन ठेवण्याचेही प्रकार आहेत. बाँड असेल तर किती वर्षांचा, पगार किती, मोडला तर किती भरायचं, हे सगळं लिहिलेलं असल्याशिवाय सही नाही. आणि प्रत्येक रकमेची पावती. ‘डोनेशनची पावती नसते’ हे वाक्य ऐकलं की समजून जावं.

फी माफीत एक मेख आहे

राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या आधीपासूनच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचे.

मेख अशी, की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला पाहिजे. कॉलेजवाले फोन करतात, “राऊंडची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करतो.” ही सीट व्यवस्थापन कोट्याची निघाली की माफी गेली. चार वर्षांची पूर्ण फी अंगावर येते. खासगी अभिमत विद्यापीठांनाही ही माफी लागू नाही. आणि माफी फक्त शिक्षण व परीक्षा फीची आहे. हॉस्टेल, मेस, गणवेश, जाण्या-येण्याचा खर्च घरूनच करावा लागतो, त्याचा हिशेब आधी मांडावा.

कागदपत्रांची तयारी मात्र अकरावीतच सुरू करायची. जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो, अडतं ते जात पडताळणी प्रमाणपत्रावर. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत त्याचा अर्ज करता येतो. निकालानंतर धावपळ केली तर समितीकडून ते वेळेत येईलच असं नाही. नॉन क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं जुनं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी चालेल का, ते तारीख बघून ठरवायचं. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. आधार, मार्कशीट आणि दाखल्यावर नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, एवढ्यावरूनही अर्ज परत येतात.

नोंदणी : नोकरीची खरी चावी

निकाल लागला की लगेच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करायचा. जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांना परिचारिका आणि प्रसाविका अशा दोन्ही नोंदी मिळतात, त्यालाच जाहिरातीत आरएन-आरएम म्हणतात. एएनएमची नोंदणी वेगळ्या भागात होते. ही नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी अधूनमधून प्रशिक्षणं करून त्यांचे गुण साठवावे लागतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या, दोन-चार वर्षं घरी राहिलेल्या मुली हे विसरतात. मग जाहिरात निघते तेव्हा नोंदणी संपलेली असते. घरी असलं तरी नूतनीकरण चुकवू नये.

इंडियन नर्सिंग कौन्सिलची एक देशव्यापी नोंदही आहे. तिच्यात प्रत्येक परिचारिकेला एक खास क्रमांक मिळतो. दुसऱ्या राज्यात नोकरी धरायची तर तो कामी येतो.

पगाराचं खरं चित्र

सातव्या वेतन आयोगाप्रमाणं राज्याच्या रुग्णालयांतल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य परिचारिकेची २५,५०० पासून. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे वेगळं. दिल्ली, नागपूरसारख्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरची श्रेणी ४४,९०० पासून आहे. तिथं जाण्यासाठी नॉरसेट नावाची देशभरातली एकच परीक्षा होते. बीएस्सीवाले थेट बसू शकतात, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. यात ८० टक्के जागा महिलांना असतात. आपल्याकडच्या मुली या परीक्षेचं नावही ऐकत नाहीत, आणि राजस्थान-केरळची पोरं नागपुरात येऊन रुजू होतात.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातली नोकरी कंत्राटी असते. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ हे पद त्यात बरं. उपकेंद्रावरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात बसून रक्तदाब, मधुमेहाची तपासणी, औषधं देणं हे काम. मानधन २५,००० आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. त्यातला दुसरा आकडा दर महिन्याला पूर्ण हातात पडेल असं गृहीत धरून घरकर्ज काढू नये. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय सरकारनं मार्च २०२४ मध्ये काढला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्येही संप करावा लागला, यावरून काय ते ओळखावं.

सरकारी भरतीबाबत एक गोष्ट ठाम. ही पदं ऑनलाइन परीक्षेतल्या गुणांवर भरली जातात, मुलाखत नसते. ‘मंत्रालयात आपला माणूस आहे, पाच लाखांत बसवतो’ म्हणणाऱ्याला पैसे दिले तर ते गेले.

खासगी दवाखान्यांची स्थिती वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती, की २०० खाटांच्या वरच्या खासगी रुग्णालयानं परिचारिकेला राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि ५० खाटांपेक्षा लहान ठिकाणीही महिन्याला २०,००० पेक्षा कमी नसावा. शिफारस कागदावर आहे. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये हातात पडणारी रक्कम याच्या कितीतरी खाली असते, आणि ड्युटी बारा तासांची.

तरीही पहिली नोकरी म्हणून तिथं काम करायला हरकत नाही, अनुभव मोलाचा असतो. फक्त तो अनुभव कागदावर यायला हवा. नेमणूकपत्र घ्यावं, पगार बँकेतच घ्यावा, सोडताना रुग्णालयाच्या खाटांची संख्या लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र घ्यावं. रोख पगारावर तीन वर्षं राबलेल्या मुलीचा अनुभव कुणीच धरत नाही. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ कापायलाच हवा. ईएसआयसी लागू असलेल्या ठिकाणी दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ती मिळते. दहा कर्मचारी असले की लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समितीही असावीच लागते. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

सुई टोचली तर

याबद्दल दवाखाने फार बोलत नाहीत. कामावर लागण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण करून घ्यावेत. शून्य, एक आणि सहा महिने असा क्रम असतो, म्हणजे शिकतानाच सुरुवात करायची. रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं, लगेच वरिष्ठांना सांगून नोंद करायची. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. लाजेपोटी किंवा ‘साहेब ओरडतील’ म्हणून गप्प बसलेल्या मुलीचे हे तास वाया जातात.

परदेशाचं

एएनएमवर परदेशात नर्सची नोकरी मिळत नाही, जीएनएम किंवा बीएस्सीच लागतं. आखाती देशांना दोन वर्षांच्या आसपास अनुभव हवा असतो. जर्मनीला जर्मन भाषा बी-वन, बी-टू पातळीपर्यंत लागते, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे, त्यात परिचारिकांचाही विचार आहे. एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये.

आधीच फसवणूक झाली असेल तर

एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. फी भरल्याच्या पावत्या, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवावेत. ‘नर्सिंगची मान्यता आहे’ असं सांगून पैसे घेतले असतील तर पोलिसांत लेखी तक्रार देता येते, आणि अशा संस्थेची माहिती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिललाही कळवता येते.

पण पैशांच्या मागं लागण्यात पुढची वर्षं घालवू नयेत. निकषाप्रमाणं एएनएम आणि जीएनएमला वयाची मर्यादा १७ ते ३५ आहे. बावीस-तेवीस वर्षांची, लग्न झालेली मुलगीही प्रवेश घेऊ शकते. बारावी झाली नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आर्ट्स घेतलं तरी चालतं, फक्त इंग्रजी विषय सोडायचा नाही. सतरा नंबरची नोंदणी बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. शाळा-कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मुदत असते, आणि कोणतं कॉलेज केंद्र म्हणून घ्यायचं ते तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विचारलं तर सांगतात.